खटक्याचं मतदानयंत्र: वापरायला झकास, मोजणीला भरवशाचं नाही

1949 साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात जोसेफ म्रुक महापौर म्हणून निवडून आले, त्या काळात तिथल्या जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात खटक्याच्या मतदानयंत्राचं हे लोखंडी धूड होतं. बफेलोत महापौर थेट मतदार निवडतात. पणजीसारखं नगरसेवकांवर सोडत नाहीत.

मतदाराच्या बाजूने पूर्ण गुण. आत शिरून मोठा दांडा ओढला की पडदा लागतो आणि यंत्राचं कुलूप सुटतं. नावाजवळचा छोटा खटका खाली पाडायचा, तिथे फुली दिसते. मन बदललं तर तो वर करून दुसरा पाडा. दांडा परत ओढेपर्यंत मत पडलेलंच नसतं. ओढला की एका झटक्यात मागचे आकडे सरकतात, खटके वर जातात, पडदा उघडतो. महापौराच्या ओळीत एक खटका पाडला की बाकीचे आतून अडकतात, म्हणजे दोन शिक्क्यांमुळे मत बाद होण्याची भानगडच नाही. पालिकेच्या मतपत्रिका मोजणाऱ्यांना याची किंमत कळेल. यादीबाहेरचं नाव द्यायचं असेल तर मात्र खटक्याला हात लावण्याआधी वरची झडप सरकवून कागदाच्या गुंडाळीवर लिहावं लागतं.

वजन साडेतीनशे किलोच्या वर. पणजीच्या मळा भागातल्या एखाद्या शाळेच्या जिन्यावर ते चढवून बघा!

खरी खोट मागच्या दारात. मतदान संपल्यावर ते उघडून आकडे हाताने उतरवायचे. 3 चा 8 झाला की संपलं. फेरमोजणीतही तेच आकडे पुन्हा वाचायचे, कारण एकेका मताची खूण कुठेच राहत नाही. गोव्यात 2017 साली चाळीसही मतदारसंघांत व्हीव्हीपॅटची, म्हणजे प्रत्येक मत कागदावर छापणारी, चिठ्ठी होती. या यंत्रात तसं काहीच नाही.

त्यात 99 ची अडचण. प्रत्येक नावामागच्या गणकाला, म्हणजे मतं मोजणाऱ्या आकड्यांना, तीन चाकं असतात. 99 चे 100 होताना तिन्ही एकदम फिरायला हवीत, जोर जास्त लागतो, आणि झिजलेला दात नेमका तिथेच अडतो. पुढची मतं पडत राहतात, आकडा हलत नाही. त्यामुळे निकालपत्रकांत 99 हा आकडा हवा त्यापेक्षा जास्त वेळा दिसतो. सकाळी सगळे गणक 000 वर आहेत का ते पाहाच, पण तेवढ्याने भागत नाही. एकूण मतदारांचा गणक वेगळा असतो, त्याच्याशी महापौराच्या ओळीची बेरीज ताडून बघा. काहींनी त्या पदाला मतच दिलेलं नसतं, म्हणून थोडा फरक चालेल. पण तूट मोठी आणि एखाद्या नावापुढे 99, तर आधी ते यंत्र उघडायला लावा.