रोजच्या वापराची इटालियन कूपे आणि माझे सव्वापाच लाख

सव्वापाच लाख गेले, हे आधीच सांगून टाकतो. त्यातले सव्वादोन बँकेतून, तीन रोख. ‘रोखीत द्या, पंचवीस हजार कमी करतो’ असं समोरचा म्हणाला आणि मला ती घासाघीस जिंकल्यासारखी वाटली.

गाडी फियाट १२४ स्पोर्ट कूपे (कूपे म्हणजे दोन दारांची गाडी), १९७० ची, लाल, चार हेडलाइटची. विकणारा सांगलीतला एक एजंट. मी साताऱ्यात राहतो, नोकरी कोरेगावात, रोजचं जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. मला ती दारात झाकून ठेवायची नव्हती, तिच्यातून कामावर जायचं होतं. हसायचं त्यांनी हसून घ्या, बायको अजून हसते.

आमच्या वडिलांकडे पद्मिनी होती. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००, त्यामुळे फियाट या नावाला आमच्या घरात वजन. त्यात या कूपेचं इंजिन आणखी वरच्या घराण्यातलं. ऑरेलियो लाम्प्रेदी हा माणूस आधी फेरारीची इंजिनं आखायचा, नंतर फियाटमध्ये आला आणि साध्या घरगुती गाड्यांसाठी त्याने डबल कॅमशाफ्टचं इंजिन काढलं. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडझाप करणारा दांडा. कॅमशाफ्ट फिरवायला साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा. १४३८ सीसी, नव्वदच्या आसपास हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि हे सगळं साठच्या दशकात. हे मला तोंडपाठ होतं. बॉनेट उघडल्यावर ते ओळखायचं कसं, हे मात्र माहीत नव्हतं. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

मे २०२२ मध्ये सांगलीत विश्रामबागला गाडी बघायला गेलो. ठरलेल्या वेळेआधी अर्धा तास पोचलो असतो तर बरं झालं असतं, कारण मी गेलो तेव्हा गाडी चालूच होती. ‘आत्ताच एक राउंड मारून आणली, तुमच्यासाठी गरम करून ठेवली.’ मला तो पाहुणचार वाटला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला पहिला स्टार्टर मारताना इंजिन जे काही बोलतं, ते गरम गाडी बोलत नाही. धूर, खडखड, किती वेळ स्टार्टर फिरवावा लागतो, सगळं लपून जातं.

मग त्याचं सुरू झालं. ‘दादा, ही शोची गाडी नव्हं, रोजची हाय. मुंबईच्या पारशाची, एकच हात. पार्टचं टेन्शन सोडा. आपली एकशेअठरा एनई म्हंजे हीच की. सगळं बसतंय.’

यातलं शेवटचं वाक्य निम्मं खरं, आणि मी अडकलो तो त्या निम्म्यातच. प्रीमियरने १९८५ मध्ये आणलेली ११८ एनई खरोखरच फियाट १२४ च्या चार दारांच्या गाडीवर बेतलेली होती. पण तिच्यात इंजिन निसानचं, ११७१ सीसीचं, ताकद पन्नासच्या घरात. म्हणजे एनईचं इंजिन या कूपेत बसवता येतं. बसवलेलंही होतं. तो माझ्याशी खोटं बोलतच नव्हता म्हणायचं. ‘बसतंय’ म्हणाला, ‘बसवलंय’ म्हणाला नाही, एवढंच.

ओळखणं एक मिनिटाचं काम आहे. लाम्प्रेदीच्या इंजिनाच्या डोक्यावर दोन लांबट झाकणं शेजारी-शेजारी असतात, एकेका कॅमशाफ्टवर एकेक. निसानच्या इंजिनावर एकच झाकण. मी बॉनेट उघडून ते एक झाकण कौतुकाने बघितलं, त्यावर हातसुद्धा फिरवला. मागच्या चाकातून डोकावून बघितलं असतं तरी ड्रम दिसले असते. या गाडीला कारखान्यातून मागेही डिस्कच येते.

नंबरचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, ‘पन्नास वर्षं झाली ना, व्हिंटेजमध्ये करून देतो. सरकारी फी वीस हजार, माझे पंधरा.’ मी तेही दिले. जुलै २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू झालेली होती, पेपरात वाचलं होतं. फी वीस हजार हेही बरोबर. पण तोच नियम पुढे म्हणतो की अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. शिवाय गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे ‘रोजची गाडी’ आणि ‘व्हिंटेज नंबर’ ही दोन आश्वासनं एकमेकांच्या विरुद्ध. एकाच टेबलावर, एकाच चहात दिलेली. मला दोन्ही आवडली, म्हणून दोन्ही एकत्र ठेवून बघितलीच नाहीत. आणि निसानचं इंजिन घातलेली गाडी तर व्हिंटेजलाही चालणार नव्हती.

तरी सांगली ते पेठ नाक्यापर्यंत मी राजासारखा आलो. आष्ट्यात दोन पोरांनी फोटो काढले. हायवेला लागल्यावर इंजिन तापल्याचा काटा चढायला लागला आणि तासवडे टोलनाक्याच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ. ‘जुनी आहे, उन्हाळा आहे’ अशी माझीच मी समजूत घातली. पुढचा महिनाभर घातली. कोरेगावला आठवड्यातून दोनदा जायचो, बाकी दिवस दुचाकी.

पहिल्या पावसात गाडीत वास सुटला. गोडसर, कुबट, ओल्या पोत्याचा. साताऱ्यात आमच्या ओळखीचे एक मेस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, आयुष्य पद्मिनी आणि एनईवर गेलेलं. त्यांनी बॉनेट उघडलं, आत एकदा बघितलं आणि मला म्हणाले, ‘साहेब, एनईला कूपेचा सदरा घातलाय.’ मग काही न बोलता मागची सीट उचलली. खालचा नमदा पत्र्याला चिकटून बसला होता. पोपडा धरून ओढला तसा त्याखालून सुकलेला चिखल निघाला, बिस्किटासारखे तुकडे पडत. स्टेपनीच्या खड्ड्यात, एका कोपऱ्यात, नखाएवढा शिंपला. मामांनी तो माझ्या हातावर ठेवला.

दाराच्या आतला पुठ्ठा काढला. पत्र्यावर पट्टी धरून ओढावी तशी सरळ रेघ, रेघेच्या खाली मातकट, वर स्वच्छ. चारपैकी दोन हेडलाइटच्या आत, तळाशी, तोच गाळ. काचा बाहेरून चकचकीत होत्या.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. निम्मी सांगली पाण्यात होती. त्या रेघेचा अर्थ सांगलीकराला सांगावा लागत नाही, मला मामांनी सांगितला. गाडी बुडाली, इंजिनात पाणी शिरलं, ते जाम झालं. त्या इंजिनाचे पार्ट इथे मिळत नाहीत, म्हणून एनईचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल असं सगळं खालून घातलं, वरून पुट्टी आणि लाल रंग. दाराखालच्या पत्र्याला मामांनी लोहचुंबक लावलं. ते चिकटलंच नाही. वीतभर वर सरकवलं तेव्हा चिकटलं. मधल्या वीतभर जागेत पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी. त्या काळच्या फियाट गंजासाठी बदनाम आहेतच, त्यात पुराचं पाणी. फ्रिजवरचं साधं चुंबक खिशात घालून नेलं असतं तर माझं काम झालं असतं.

कागदांचंही तसंच. आरसी बुक मी हातात घेतलं होतं, जुनं, तपकिरी, शिक्क्यांनी भरलेलं, बघून भारावलो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. शेवटचा शिक्का २०१० चा होता, म्हणजे मुदत २०१५ लाच संपलेली. ते पान मी उलटलंच नाही. गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्याने सही करून दिले होते, पण तपासणीत बुकातला इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरचा नंबर जुळेना. नावावर होणं तिथेच थांबलं. घेण्याआधी बुक आणि ब्लॉक शेजारी ठेवून आकडा-आकडा वाचायला पाच मिनिटं लागतात. ब्लॉकवर तेल-माती असेल तर चिंधीने पुसा, आणि पुसू देत नसेल तर घरी या.

वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो शंभर रुपयांच्या स्टॅम्पबद्दल. त्यात मीच सही केलेली ओळ होती, ‘गाडी आहे त्या स्थितीत पाहून, समजून स्वीकारली.’ आणि किंमत लिहिली होती सव्वादोन लाख, बँकेतून गेले तेवढीच. रोखीचे तीन लाख कागदावर जन्मालाच आले नव्हते. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आता घेणाऱ्यांनी ते आधी मागावं. माझ्या वेळी ते नव्हतं, आणि असतं तरी मी मागितलं असतं का, शंकाच आहे. नोटीस गेली. उत्तर आलं की आमचा संबंध फक्त मध्यस्थीपुरता, मालक वेगळे. मालकाचा पत्ता बुकात आहे. तिथे आता दुसरीच माणसं राहतात.

गेल्या दिवाळीच्या आसपास एजंटचा स्वतःहून फोन आला. आवाज तोच, मायाळू. ‘दादा, तुमच्या गाडीचं ओरिजनल इंजिन आमच्या गोडाऊनात हाय. जाम हाय, पण पुरं हाय. दीड लाखात देतो, तुम्ही आपलं माणूस म्हणून.’

मी नंबर वाचून दाखवायला सांगितला. त्याने वाचला. बुक उघडून एकेक आकडा ताडून बघितला, यावेळी न चुकता. जुळला. दीड लाख अजून दिलेले नाहीत, फोन मात्र रेकॉर्ड करून वकिलांना दिलाय.