नव्या गाडीचा एसी गार करत नाही: सर्व्हिस सेंटर की बाहेरचा एसीवाला?

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि शोरूममधून काढून वर्षही न झालेल्या गाडीचा एसी नुसतं वारं फेकतो. मग घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, सर्व्हिस सेंटरला टाका. दुसरं म्हणतं, तिथे दिवस मोडतो, बाहेर तासाभरात गॅस भरून मिळतो.

माझं मत स्पष्ट आहे: वॉरंटी चालू असेपर्यंत बाहेर एकही नट सैल करू देऊ नका. पण सर्व्हिस सेंटरलाही रिकाम्या हाताने जाऊ नका.

आधी तक्रार नेमकी ठरवा. हवाच कमी येते, की हवा भरपूर येते पण गार नसते? हवा कमी असेल तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असणारा केबिन फिल्टर आधी बघा. खोदलेल्या रस्त्यांच्या धुळीने तो लवकर चोंदतो. हवा गार नसेल तर आधी रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) चालू आहे ना, इको मोड बंद आहे ना, हे तपासा. काही गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, त्याबरोबर एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसरही थांबतो. तो दोष नाही.

द्वारका चौकात उभं राहिलं की गरम आणि ओझरच्या दिशेने हायवेला लागलं की गार, असं होत असेल तर संशय कंडेन्सरच्या, म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेल्या गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या, पंख्यावर. पळत्या गाडीत समोरून येणारा वारा पंख्याचं काम करतो, उभ्या गाडीत पंख्याचा दोष उघडा पडतो. दोन्हीकडे सारखंच कोमट असेल, तर गॅसची गळती, कॉम्प्रेसर किंवा गरम-गार हवा मिसळणारा दरवाजा.

बाहेरच्या दुकानात मात्र पहिलं वाक्य ठरलेलं: "गॅस कमी झालाय." एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, यंत्रणा बंदिस्त असते. नव्या गाडीत तो कमी असेल तर गळती आहे, नाहीतर कारखान्यातच कमी भरलाय. नुसता वरून भरला तर गळती तशीच राहते, आणि बाहेर हात लागला म्हणून कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. शिवाय काही नव्या मॉडेल्समध्ये आर-134ए या नेहमीच्या गॅसऐवजी महागडा आर-1234वायएफ असतो. हे दोन मिसळून चालत नाहीत.

सर्व्हिस सेंटरची खोड वेगळी. सकाळी शेडमध्ये तपासतात, नाशिकची सकाळ गार, आणि उत्तर येतं: "एसी ओके आहे." म्हणून गाडी दुपारी दोनला न्या, सल्लागाराला शेजारी बसवा, मधल्या व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर लावा. बाहेर 38 अंश असताना चालत्या गाडीत दहा-पंधरा मिनिटांनी आकडा 10 च्या आसपास यायला हवा. 18-20 च्या खाली उतरत नसेल तर तो आकडा जॉब कार्डवर लिहून घ्या. ही एक ओळ फार मोलाची. दोष परत आला तर दाखवायला लेखी पुरावा राहतो, आणि पुढे 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली तरी तोच कामी येतो.

एक अडचण खरी आहे. हायवेवर दगड उडून कंडेन्सर फुटला तर तो सहसा वॉरंटीत धरत नाहीत. तेव्हा विम्याचं विचारा.

वॉरंटी संपली की पारडं फिरतं. सर्व्हिस सेंटर बऱ्याचदा अख्खा भागच बदलायला सांगतं. बाहेरचा जाणकार कारागीर गळती शोधून तेवढंच दुरुस्त करतो, पैसे बरेच वाचतात. कारागीर पारखायचा तर गॅस किती ग्रॅम भरणार, ते विचारा. चांगला माणूस बॉनेटखालचं स्टिकर वाचेल, आधी व्हॅक्यूम करेल (नळ्यांतली हवा-ओल ओढून काढेल), मग वजनावर भरेल. "प्रेशर बघून टाकतो," म्हणाला तर गाडी तशीच बाहेर काढा.