समुपदेशन ऑनलाइन घ्यावं की समोर बसून?

समोर बसून घेतलेलं समुपदेशन खरं आणि व्हिडिओवरचं दुय्यम, असं अजूनही बरेच जण धरून चालतात. नैराश्य आणि चिंता या नेहमीच्या तक्रारींपुरतं तरी ते खरं नाही. प्रशिक्षित माणसाने व्हिडिओवर घेतलेली सत्रं साधारण तितकीच उपयोगी पडतात, असं बहुतेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे निवड ठरते ती तुमच्या घरावर, खिशावर आणि आजच्या अवस्थेवर.

सगळ्यात आधी घरातलं दार बघा. पाऊण तास कुणी आत येणार नाही, बोललेलं बाहेर ऐकू जाणार नाही, अशी जागा आहे का? वन रूम किचनमध्ये सासू-सासरे, नवरा आणि मुलं असताना सुनेने कॅमेऱ्यासमोर बसून बोलायचं तरी काय? ‘हो’, ‘बरं आहे’, ‘बघते’ एवढ्यावर सत्र संपतं आणि फी मात्र पूर्ण जाते. हेडफोन लावला तरी समोरच्याचाच आवाज लपतो, आपला नाही. कुणी पार्किंगमधल्या गाडीत बसून बोलतं, कुणी गच्चीवर जातं. तसं जमत असेल तर उत्तम. पण त्रास घरातल्याच माणसाचा असेल, तो हात उगारत असेल किंवा मोबाइल तपासत असेल, तर घरातून ऑनलाइन बोलण्याचा विचार सोडा. ‘दवाखान्यात जाऊन येते’ म्हणून बाहेर पडता येतं आणि तिथलं दार बंद असतं.

तालुक्याच्या गावात मात्र नेमकं उलटं होतं. तिथे मानसोपचाराच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलं की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. शिवाय अंतर आहेच. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच. जिल्हा रुग्णालयात सोय असली तरी भामरागडहून गडचिरोलीला जायचं म्हणजे अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी गेली. अशा माणसासाठी व्हिडिओ किंवा साधा फोनच खरा आधार आहे. बंगळुरू किंवा दुबईत राहणाऱ्यांचंही तसंच. राग, रडू, लाज हे मराठीतच मोकळं होतं आणि मराठी बोलणारा समुपदेशक जवळ मिळत नाही. अमेरिकेत असाल तर आधी परवान्याचं विचारा, कारण तिथे सहसा तुम्ही ज्या राज्यात राहता तिथला परवाना समुपदेशकाकडे असावा लागतो.

काही गोष्टी मात्र पडद्यावर दिसतच नाहीत. चेहरा शांत असतो आणि टेबलाखाली पाय सारखा हलत असतो. तोंडाला येणारा दारूचा वास, हाताची थरथर, उतरलेलं वजन हे खोलीतच कळतं. मनाचे टोकाचे चढ-उतार आवरणारं लिथियमसारखं औषध चालू असेल तर रक्ततपासणी चुकवता येत नाही. लहान मुलांशी काम खेळातून होतं, त्यासाठी जमिनीवर मांडी घालून बसणारं माणूस लागतं.

आणि इथे माझं मत ठाम आहे: जीव द्यायचे विचार येत असतील, कानात आवाज येत असतील, सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटत असेल, किंवा दारू सोडल्यावर कापरं भरत असेल, तर ॲप उघडत बसू नका. घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

पैशाचं म्हणाल तर फीमध्ये बहुधा मोठा फरक नसतो, वाचतो तो प्रवास आणि रजा. फक्त चॅटवर चालणाऱ्या स्वस्त पॅकेजपासून जरा जपून. टाइप करताना माणूस वाक्य खोडतो, सावरतो, आणि रडताना आलेला थांबा समोरच्यापर्यंत पोचत नाही.

माध्यम कोणतंही घ्या, माणूस मात्र पारखून घ्या. ‘काउन्सेलर’ अशी पाटी कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषध न देता बोलण्यातून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. औषध लागणार असेल तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच हवा. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरला व्हिडिओवरून औषधं लिहून देता येतात, पण सगळी नाहीत. कॉल मध्येच तुटला तर काय करायचं, सत्र रेकॉर्ड होतं का, अडचणीच्या वेळी घरच्या कुणाला कळवायचं, हेही पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. असं विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

शक्य असेल तर पहिली एक-दोन सत्रं प्रत्यक्ष आणि पुढची व्हिडिओवर, हा मार्ग मला सगळ्यात बरा वाटतो. ओळख समोरासमोर झालेली असली की पुढे फोनवरची शांतताही अवघड वाटत नाही. आणि काहीच ठरत नसेल तर 14416 वर फोन करा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, मोफत आहे, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. आपल्याला कुणाकडे जायला हवं, हेही तिथे विचारता येतं.