करवतीचा पट्टा तापतोय: साधा व्ही-बेल्ट घ्यावा की खाचांचा?

लहान फर्निचर कारखान्यात बहुतेक एकच करवत असते. वर दहा इंची ब्लेड, खाली २ एचपीची १४४० आरपीएमची मोटर आणि मध्ये ए सेक्शनचा (रुंदी-जाडीचं एक ठरलेलं माप) एक व्ही-बेल्ट. सागाची जाड फळी लावली की रबर जळाल्याचा वास येऊ लागतो. पट्टा आणायला गेलं की दुकानदार विचारतो, साधा देऊ की खाचांचा?

रुंदी-जाडी दोघांची जवळपास सारखीच, १३ बाय ८ मिलिमीटर. साध्या पट्ट्याला सगळीकडून रबर चढवलेल्या कापडाचं वेष्टण असतं. खाचांच्या पट्ट्याच्या बाजू उघड्या रबराच्या असतात आणि पोटाला आडव्या खाचा असतात. साध्यावर ए-४२ असं छापलेलं असेल तर आतली लांबी ४२ इंच. खाचांच्यावर बहुधा एएक्स लिहिलेलं असतं. हा टायमिंग बेल्ट नव्हे. तो दातांच्या पुलीवर चालतो, हा तुमच्या आहे त्याच पुलीवर बसतो.

पट्टा घसरला की तापतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण न घसरताही तो तापतो, कारण पुलीवर वळताना पोटाकडचं रबर दर फेऱ्याला दाबलं जातं. पुली लहान, तेवढा हा त्रास जास्त. करवतीत लहान पुली ब्लेडच्या शाफ्टवर असते: मोटरला ६ इंची, शाफ्टला अडीच इंची, म्हणजे ब्लेडला साधारण ३४५० आरपीएम. साध्या ए पट्ट्याला किमान ३ इंची पुली असावी असा दंडक आहे. अडीच इंचीवर तो पहिल्या दिवसापासून ताणात असतो. इथे खाचांचा पट्टा सरळ सरस ठरतो. तो सहज वळतो, थंड चालतो आणि साध्यापेक्षा सुमारे २ टक्के जास्त शक्ती ब्लेडपर्यंत पोचवतो. किंमत जास्त पडते, पण अशा मशीनवर मी तोच घेईन.

शाफ्टची पुली ३ इंची किंवा मोठी असेल तर मात्र साध्याची बाजू भक्कम होते. ओली फळी ब्लेड आवळून धरते तेव्हा साधा पट्टा थोडा घसरून झटका पचवतो. खाचांचा घट्ट पकडतो आणि तो झटका थेट मोटरला बसतो. पुल्या थोड्या तिरक्या असल्या तर साधा तेही जास्त सोसतो. खाचांच्याच्या उघड्या बाजू लवकर झिजतात, आवाजही जास्त येतो.

पैसे मोजण्याआधी एक काम कराच. मशीनचा प्लग काढा, पट्टा उतरवा आणि पुलीची खाच बघा. खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा बाजूंवर न बसता तळाला टेकतोय. अशी झिजलेली पुली दोन्हीतला कुठलाही नवा पट्टा खाऊन टाकेल, तेव्हा आधी पुली बदला. पट्ट्यावर राळ घासू नका, चिकट स्प्रेही मारू नका. त्यावर भुसा बसतो आणि उष्णता वाढतेच.

पट्टा उतरलेला असतानाच ब्लेडचा शाफ्ट हाताने फिरवा. खरखर लागली तर दोष बेअरिंगचा. शाफ्ट मोकळा फिरत असेल तर ब्लेडचे दाते बघा. सागात सिलिका असते, त्यामुळे धार भराभर जाते, आणि बोथट ब्लेड ओढताना पट्टा घसरतो. फळीच्या कडा काळ्या पडत असतील तर गाईड (फळी जिला टेकवून पुढे सरकवता ती पट्टी) ब्लेडला समांतर आहे का, हेही मोजा.

नवा पट्टा चढवताना दोन्ही पुल्यांवर सरळ पट्टी टेकवून त्या एका रेषेत आहेत ना ते पाहा. पुल्यांमध्ये ४०० मिलिमीटर अंतर असेल तर मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण ६ मिलिमीटर दबावा. घसरतो म्हणून आणखी आवळत गेलात तर घसरणं थांबेल, पण बेअरिंग तापेल. काही तास चालल्यावर नवा पट्टा थोडा सैल होतो, तेव्हा ताण पुन्हा तपासा.