जुन्या पिकअपचे ब्रेक: बिघडलेला भाग दुरुस्त करावा की नवा बसवावा?

जुन्या पिकअपचा ब्रेक नीट लागेनासा झाला की मालकापुढे दोन मार्ग असतात. बिघडलेला भाग किट (नव्या रबरी सीलांचा संच) घालून किंवा जोड देऊन पुन्हा चालू करता येतो, किंवा तो भाग, आणि गरज असल्यास त्याच्या वयाचे शेजारचे भागही, नवे बसवता येतात. यांपैकी कोणताही एक मार्ग सगळ्या भागांना सारखा लागू पडत नाही. माझ्या मते निर्णयाची कसोटी अशी असावी की त्या भागातील सील कोणत्या पृष्ठभागावर दाब धरते आणि तो पृष्ठभाग आज कोणत्या स्थितीत आहे. मात्र ही कसोटी लावण्याआधी दोष नेमका कोणत्या भागात आहे हे निश्चित झाले पाहिजे, कारण जुन्या गाडीत चुकीचा भाग बदलून खर्च झाल्यावरही मूळ दोष तसाच राहिल्याचे पुष्कळदा दिसते.

पेडलवरून निदान

पेडलवर मध्यम दाब देऊन तो तसाच धरून ठेवावा. पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाच्या) आतील सीलवरून ऑइल मागे सरकत असल्याचा दाट संशय घ्यावा. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर लाइनमध्ये (ब्रेक ऑइलच्या नळ्यांमध्ये) हवा असण्याची शक्यता अधिक असते. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल वर येत असेल, तर हवेबरोबरच मागच्या ड्रममधील शूंचे (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांचे) ॲडजस्टमेंटही तपासावे, कारण शू ड्रमपासून फार दूर राहिल्यास चांगल्या मास्टर सिलिंडरचे पेडलही खोल जाते.

पेडल दगडासारखे कडक लागून गाडी थांबत नसेल, तर लक्ष बूस्टरकडे, म्हणजे व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाकडे, वळवावे. इंजिन बंद ठेवून पेडल अनेकदा दाबावे, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो. नंतर पेडल दाबून धरून इंजिन चालू करावे. या वेळी पेडल किंचित खाली गेले पाहिजे. ते हलले नाही, तर बूस्टर, त्याचा एकमार्गी व्हॉल्व्ह किंवा व्हॅक्यूमची नळी यांत दोष आहे. डिझेल पिकअपमध्ये व्हॅक्यूम बहुधा स्वतंत्र पंपाकडून मिळतो, म्हणून बूस्टर बदलण्यापूर्वी पंपाचे काम तपासणे आवश्यक आहे.

पेडल सोडल्यावरही एखादे चाक धरून राहत असेल, तर आधी गाडीला अडसर लावून ते चाक उचलावे आणि निपल (चाकाजवळचे हवा काढण्याचे तोंड) थोडे सैल करावे. ऑइल उडून चाक मोकळे झाले, तर दाब लाइनमध्ये अडकलेला होता असे समजते. चाक तरीही अडकलेलेच असेल, तर कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन किंवा त्याच्या सरकपिना जाम आहेत. दाब अडकल्याचे आढळल्यास पुढच्या वेळी निपलऐवजी रबरी होज पाइपच्या वरच्या टोकाचा युनियन (नळ्या जोडणारा नट) सैल करावा. तेथे चाक सुटले, तर दोष वरच्या बाजूला, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये किंवा त्याच्या पुशरॉडच्या (पेडलचा जोर पोचवणाऱ्या दांड्याच्या) ॲडजस्टमेंटमध्ये आहे. तेथे न सुटता फक्त निपलवर सुटले, तर होज आतून सुजून बंद झाला आहे. असा होज बाहेरून अगदी नवा दिसू शकतो, म्हणून त्याचे निदान नजरेवर सोडू नये.

किट की नवे युनिट

मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर (ड्रममधील शू बाहेर ढकलणारा) यांत रबरी सील पिस्टनबरोबर पुढे-मागे सरकते आणि सिलिंडरच्या आतील भिंतीवर दाब धरते. जुन्या ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्यामुळे त्या भिंतीवर खड्डे पडले असतील, तर नवे किट काही दिवसच टिकेल. बिडाच्या सिलिंडरवर फक्त डाग असतील, तर हलके होनिंग करून (आतील भिंत बारीक घासून) किट घालणे योग्य ठरते. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून कठीण थर दिलेला असतो आणि होनिंग केल्यास तोच निघून जातो, म्हणून तेथे नवे युनिट हाच पर्याय आहे.

कॅलिपरची रचना वेगळी असते. तेथे सील खाचेत स्थिर बसते आणि पिस्टन तिच्यातून सरकतो, त्यामुळे महत्त्व भिंतीपेक्षा पिस्टनच्या पृष्ठभागाला असते. पिस्टन गुळगुळीत असेल, तर सील आणि धूळरबर बदलून तोच कॅलिपर विश्वासाने वापरता येतो. त्याच्या क्रोमवर गंजाचे खड्डे असतील, तर निदान पिस्टन तरी नवा घ्यावा. म्हणून कॅलिपरच्या बाबतीत मी दुरुस्तीच्या बाजूने आहे आणि मास्टर सिलिंडरच्या बाबतीत नव्या युनिटच्या बाजूने.

गंजलेली लाइन: जोड की पूर्ण नळी

या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. चासीवरून मागे जाणारी पोलादी नळी एका ठिकाणी गंजून फुटली असेल, तर तेवढाच तुकडा कापून जोड देणे मोहक वाटते, परंतु त्याच चिखलात आणि त्याच क्लिपांखाली बाकीची नळीही तितकीच वर्षे राहिलेली असते. रिंग दाबून बसवण्याचा कॉम्प्रेशन जोड तर ब्रेकच्या दाबासाठी मुळीच वापरू नये. दोन्ही टोकांना दुहेरी फ्लेअर करून (टोक फाकवून दुमडून) युनियनने दिलेला जोड सुरक्षित असतो, पण तो तेव्हाच द्यावा जेव्हा उरलेली नळी खरोखर निरोगी आहे.

पूर्ण नळी घालायची ठरल्यास साधी पोलादी नळी आणि तांबे-निकेल मिश्रधातूची नळी यांत निवड करावी लागते. पोलादी नळी ताठ आणि स्वस्त असते, मात्र वाकवायला अवघड असते आणि पुन्हा गंजते. सुमारे 90 टक्के तांबे आणि 10 टक्के निकेल असलेली नळी गंजत नाही, हाताने सहज वळते आणि फ्लेअरही स्वच्छ होतो. ती मऊ असल्यामुळे तिला क्लिपांचा आधार मात्र जवळजवळ द्यावा लागतो. गाडी बराच काळ ठेवायची असेल, तर मी हीच नळी निवडीन. निव्वळ तांब्याची नळी कंपनांनी कडक होऊन तडकू शकते, म्हणून ती टाळावी.

मागची चाके आणि भार

ड्रम लेथवर घेऊन आतून तासता येतो की नाही हे त्यावर कोरलेला कमाल व्यास ठरवतो. मोजमाप त्याच्या आत राहत असेल, तर टर्निंग पुरेसे आहे. शूवर ऑइल लागले असेल, तर ते व्हील सिलिंडरचे आहे की धुऱ्याच्या सीलमधून आलेले घट्ट गिअर ऑइल आहे हे आधी ओळखावे. असे शू धुऊन वापरू नयेत, दोन्ही बाजूंचे बदलावेत. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये (घर्षणाच्या थरामध्ये) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या पद्धतीने काढावी.

अनेक पिकअपमध्ये मागच्या धुऱ्याला जोडलेला दांडा भारानुसार मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह चालवतो. तो गंजून अडकला, तर रिकाम्या गाडीची मागची चाके लवकर घसरतात किंवा भरलेल्या गाडीला मागून पुरेसा ब्रेक मिळत नाही. दांड्याचा सांधा सैल करून, ग्रीस लावून तो हलू लागला आणि व्हॉल्व्ह आतून गळत नसेल, तर दुरुस्ती पुरे. व्हॉल्व्ह काढून टाकून सरळ नळी जोडणे हा पर्याय नव्हे.

ऑइल आणि हवा काढणे

डॉट 3 या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान 205 अंश सेल्सिअस, तर 3.7 टक्के पाणी मुरल्यावर किमान 140 अंश असावा लागतो. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. लांब उतारावर भार घेऊन जाणाऱ्या गाडीसाठी डॉट 4 अधिक योग्य आहे आणि ते डॉट 3 च्या प्रणालीत चालते. सिलिकॉनचे डॉट 5 मात्र या दोहोंत मिसळू नये.

जुन्या मास्टर सिलिंडरवर हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू नये, कारण एरवी न वापरलेल्या गंजलेल्या भागावरून सील घासून फाटू शकते. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. भारानुसार चालणारा व्हॉल्व्ह असेल, तर हे काम गाडी चाकांवर उभी ठेवून करावे, कारण धुरा लोंबकळल्यास व्हॉल्व्ह मागचा प्रवाह रोखतो. काम झाल्यावर पेडल पूर्ण दाबाने मिनिटभर धरून प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून पाहावा आणि कापडावर ओल दिसली, तर तो जोड दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.