ॲस्टेरिस्कच्या सीडीआरमधल्या 'ॲन्सर्ड'वर डोळे झाकून विसंबू नका

ॲस्टेरिस्क, म्हणजे ऑफिसच्या फोनचं एक्स्चेंज कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, जुन्या पीसीवरही पळतं, हे इथे सगळ्यांना माहितीये, त्यात शिरत नाही. आमच्या बस बुकिंगच्या ऑफिसात दिवाळीच्या आधीपासून चालू आहे आणि आवाज, रेकॉर्डिंग याबद्दल काहीच तक्रार नाही. डोकं फिरलं ते कॉलच्या नोंदींवरून, म्हणजे सीडीआरवरून.

मे महिन्याच्या गर्दीत पॅसेंजर काउंटरवर येऊन ओरडायला लागले की तुम्ही फोनच उचलत नाही, आणि शेठ रिपोर्ट पुढे करून म्हणतायत हे काय, सगळे ॲन्सर्ड, म्हणजे उचललेले, आहेत की. ज्याने सिस्टिम बसवली त्याला विचारलं तर म्हणे खरा रिपोर्ट पाहिजे तर मॉड्यूल वेगळं घ्या, दर वर्षी पैसे. अहो पण आकडे आमच्याच मशीनमधे पडलेत ना, ते बघायचे कसले पैसे?

मग मास्टर डॉट सीएसव्ही, म्हणजे या नोंदींची फाइल, एक्सेलमधे उघडली. भानगड अशी की "मराठीसाठी एक दाबा" म्हणणारी आयव्हीआर, म्हणजे रेकॉर्ड केलेला मेनू, कॉल उचलते, आणि ॲस्टेरिस्कच्या लेखी तिथेच कॉल उचलला गेला. माणूस मेनू ऐकून वैतागून ठेवून देतो, तरी ॲन्सर्ड. बिलसेक (उचलल्यानंतरचे सेकंद) पण तिथूनच मोजायला सुरू, त्यामुळे क्यूमधे, म्हणजे रांगेत, गाणं ऐकत घालवलेला वेळही बोलण्यात धरला जातो, आणि ड्युरेशन (कॉलचा एकूण वेळ) आणि बिलसेक जवळपास सारखेच दिसतात. ओळखायची खूण एकच, डीएसटीचॅनलचा रकाना, म्हणजे कॉल पुढे कुठल्या फोनला गेला तो. तो रिकामा आणि लास्टॲपमधे (कॉल शेवटी कुठे होता) बॅकग्राउंड, म्हणजे मेनू, किंवा क्यू असेल तर आपल्या कोणाशीच बोलणं झालेलं नाही. असा फिल्टर लावला आणि शेठना दाखवला, शेठ गप्प.

इथपर्यंत मी दोनच स्टार देणार होतो. पण मग त्याच लॉगच्या फोल्डरमधे क्यू_लॉग नावाची साधी टेक्स्ट फाइल सापडली आणि मत बदललं राव. कॉल सोडला की तिथे ॲबँडन अशी ओळ पडते, रांगेत कितवा नंबर होता आणि किती सेकंद थांबला ते सकट. एजंटने उचलला तर कनेक्ट, आणि उचलेपर्यंत किती वेळ गेला तेही. शिवाय शेवटी कॉल कोणी ठेवला, पॅसेंजरने का आपल्या पोराने, हे पण कळतं!! म्हणजे जे मॉड्यूलवाला विकत होता त्यातलं बरंचसं आधीपासूनच होतं.

रिंग ग्रुपवाल्यांनी एक बघा, पाच फोन एकदम वाजले तर एका कॉलच्या पाच ओळी पडतात, एक ॲन्सर्ड बाकी नो ॲन्सर. ओळी मोजाल तर मिस्ड कॉल उगाच फुगतात. लिंक्डआयडीवर, म्हणजे एकाच कॉलच्या सगळ्या ओळींना सारखा असणाऱ्या नंबरवर, ग्रुप करून मोजा. सीएसव्हीत तो रकाना आपोआप येत नाही, सेटिंगमधे चालू करावा लागतो, डेटाबेसमधे टाकत असाल तर कॉलम बनवून ठेवा.

आणि सीडीआर डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधे बॅच चालू आहे का बघा. आमच्याकडे सिस्टिम बसवणाऱ्या महाशयांनी चालू ठेवली होती. नोंदी मेमरीत साठतात आणि 100 झाल्या किंवा 300 सेकंद झाले की मगच लिहितात, त्यात लाइट गेली की तेवढे कॉल झालेच नाहीत असं समजायचं. दिवसाला पाचपन्नास कॉलवाल्या ऑफिसला बॅच कशाला हवी? बंद केली.

चार स्टार. पाचवा त्या ॲन्सर्डपायी कापला. मॉड्यूल घेतलं नाही, शेठना रोज सकाळी क्यू_लॉगवरून काढलेली एक्सेल जाते आणि आता ते लंच टायमात दोघांना एकदम उठू देत नाहीत.