कोन शंख की ट्रायटन?

जळगावहून भाचीचा फोन: "मामा, झूऑलॉजीच्या सेमिनारला कोन शंख घेऊ की ट्रायटन?" दोन्ही समुद्री गोगलगायी, दोन्ही पक्क्या मांसाहारी.

शिकारीत कोन शंख सरस. त्यातली जिओग्राफस जात माशावर तोंड जाळ्यासारखं पसरते. विषात चक्क इन्सुलिन. माशाची साखर उतरते, तो सुस्तावतो. मग पोकळ दाताचा भाला. दात एकदाच वापरायचा, इंजेक्शनच्या सुईसारखा. या जातीच्या दंशाने माणसंही दगावलीत. मॅगस या भावकीतल्या जातीच्या विषावरून बनलेलं झिकोनोटाइड हे वेदनाशामक अमेरिकेत २००४ साली मंजूर झालं.

ट्रायटन फूट-दीड फुटाचा, चाल संथ. वासावर तारामासा गाठतो, लाळेने लुळा करून खातो. प्रवाळ फस्त करणारा काटेरी तारामासाही सोडत नाही.

नमुन्याचं म्हणशील तर ट्रायटन विकत घ्यायचा विचारही नको, वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कोन मात्र माझ्याकडे धुळ्यात आहे: कोकणात वाळूत सापडलेला, बोटाच्या पेराएवढा, तोंडाची फट नखाएवढी.

प्रवाळ, परिसंस्था यावर बोलायचं असेल तर ट्रायटन, फोटोंवर भागव. विष, औषधं यात रस असेल तर कोन. तुझा ओढा रसायनाकडे, तेव्हा कोनच घे. न्यायला येशील तेव्हा भरिताची वांगी आण.